अठरा खड्डे आणि एक आगटी

परदेशात गोल्फची सुट्टी घालवून आलेल्या कुटुंबाला ‘कशी झाली सहल?’ असं विचारावं आणि उत्तरात गोल्फ कितव्या वाक्याला येतो ते शांतपणे मोजावं. पहिली येते हॉटेलची मालकीण, जिने धाकट्याला ताप आला तेव्हा रात्री अकरा वाजता स्वयंपाकघर उघडून सूप करून दिलं. तिच्यामागून टॅक्सीवाला येतो. गाडीत राहिलेला आजोबांचा चष्मा द्यायला तो बिचारा तेवढं अंतर उलटा आला आणि वर पैसे घेईना. मग नाश्ता. नाश्त्याचं वर्णन साधारण नाश्त्याइतकाच वेळ चालतं. गोल्फ येतो तो सगळ्यात शेवटी, आणि तोही ‘हिरवळ काय राखलीय हो!’ एवढ्यापुरता. कोणत्या होलला किती फटके लागले, चेंडू कोणत्या तळ्यात गेला, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. ज्याच्या नावाने विमानाची तिकिटं काढली, काठ्यांच्या पिशवीचं जादा भाडं भरलं आणि रजेचा अर्ज देताना साहेबांपुढे ज्याचा मुद्दाम उल्लेख केला, तो खेळ आठवणींच्या गर्दीत अंग चोरून उभा असतो. यावरून एक निष्कर्ष काढायला हरकत नसावी. गोल्फची सुट्टी लक्षात राहते ती यजमानामुळे. पाहुण्याला त्याच्या दारापर्यंत नेऊन सोडलं की गोल्फचं काम संपलं. हे मान्य केलं की पुढचा निष्कर्ष आपोआप गळ्यात पडतो. छावणीच्या कुंपणाआड कोणी फौजी अधिकारी काठी फिरवत असतील ते सोडले, तर गोल्फशी ज्याचं सोयरसुतक नाही असा आमचा नगर जिल्हा (सरकारदरबारी २०२४ पासून अहिल्यानगर, एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी अजून नगर) पिढ्यान्‌पिढ्या गोल्फची सुट्टीच चालवतो आहे. त्यात चेंडू नाही, एवढाच फरक.

आधी कौटुंबिक गोल्फचं गणित मांडू. मैदानावर होल अठरा, प्रत्येकाचा व्यास सव्वाचार इंच. चेंडूचं वजन शेहेचाळीस ग्रॅमच्या आत. अठरा होल पुरे करायला चार-साडेचार तास लागतात आणि सहा-सात किलोमीटरची पायपीट होते. ज्याचा चेंडू सरळ जात नाही त्याची थोडी जास्त. आता कुटुंबात माणसं पाच धरा. त्यांतला खेळणारा एक, फार तर दीड. हा अर्धा म्हणजे वडिलांना बरं वाटावं म्हणून पिशवी ओढत बरोबर चालणारा मुलगा. उरलेली साडेतीन माणसं त्या साडेचार तासांत कुठे असतात? ती हॉटेलच्या बागेत असतात, बाजारात असतात, मालकिणीकडून कसल्यातरी केकची कृती लिहून घेत असतात. म्हणजे ती पूर्णवेळ पाहुणे असतात. मतमोजणी केली तर गोल्फच्या पारड्यात दीड मत आणि पाहुणचाराच्या पारड्यात साडेतीन, म्हणजे गोल्फ सपशेल पडला. शिवाय ते दीड मतही भरवशाचं नाही. गोल्फ हा माणसाला नम्र करणारा खेळ आहे. सकाळी जो गृहस्थ ‘आज ऐंशीच्या आत’ म्हणून निघतो तो दुपारी दोनला भुकेला, उन्हाने रापलेला आणि आकड्यांचा विषय टाळणारा होऊन परततो. अशा वेळी त्याच्यापुढे कोणी थंड सरबताचा पेला धरला, तर त्याचं मत फुटायला कितीसा वेळ लागणार?

यावर कोणी म्हणेल, ही हौशी लोकांची गत झाली. जिथे गोल्फ रक्तात आहे तिथे असं नसतं. तेव्हा गोल्फच्या माहेरघरीच जाऊ. स्कॉटलंडमध्ये हा खेळ इतका रक्तात होता की १४५७ मध्ये तिथल्या दुसऱ्या जेम्स राजाच्या संसदेला त्यावर बंदी घालावी लागली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडूमागे धावत होते. त्याच देशातल्या सेंट अँड्र्यूज गावचं जुनं मैदान म्हणजे गोल्फवाल्यांची पंढरी. तिथे रविवारी एरवी खेळ बंद असतो. पंढरी बंद आणि वारकऱ्यांची मात्र तक्रार नाही, कारण त्या दिवशी सगळं गाव त्याच हिरवळीवर फिरायला येतं. आजोबा बाकावर टेकतात, पोरं हुंदडतात, कुत्री मोकळी सुटतात, डबे उघडतात. म्हणजे जगातल्या सर्वांत मानाच्या मैदानाचा आठवड्यातून एक दिवस तरी आपल्याकडच्या बागेसारखा उपयोग होतो आणि मैदानाची इज्जत तसूभरही कमी होत नाही. जवळच उंचसखल हिरवळीचा एक तुकडा आहे. तिथल्या बायकांनी १८६७ मध्ये स्वतःचा क्लब काढून त्यावर खेळायला सुरुवात केली. त्याला लोक ‘हिमालय’ म्हणतात. या हिमालयावर किरकोळ पैसे देऊन आजीपासून नातवापर्यंत कोणीही चेंडू ढकलू शकतं. माझा अंदाज असा की सेंट अँड्र्यूजहून परतलेल्या कुटुंबांच्या घरोघरच्या अल्बममध्ये जुन्या मैदानापेक्षा हिमालयाचेच फोटो जास्त निघतील.

पण खरा पुरावा स्कॉटलंडमध्ये नाही, अमेरिकेत आहे. आणि तो नगरकरांच्या घरचा आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. साउथ कॅरोलायना राज्यात समुद्रकिनाऱ्यावर मर्टल बीच नावाचं गाव आहे. गोल्फची राजधानी म्हणून ते स्वतःची जाहिरात करतं, आणि एके काळी त्याच्या पंचक्रोशीत शंभरावर मैदानं होती, तेव्हा जाहिरात खोटी म्हणता येत नाही. आपल्याकडे नवऱ्यामुलाच्या गावी विहिरी किती ते विचारतात तसं तिथे मैदानं किती ते विचारत असावेत. १९६०च्या दशकात तिथले हॉटेलवाले आणि मैदानवाले एकत्र आले आणि खोली, नाश्ता, खेळ असं सगळं एका पुडक्यात बांधून विकू लागले. त्या गावातलं पहिलं मैदान, पाइन लेक्स, १९२७ चं. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ संघटनेचे पहिले अध्यक्ष रॉबर्ट व्हाइट यांनी ते आखलं. ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ हे १९५४ मध्ये निघालेलं साप्ताहिक काढायची मसलत याच क्लबात झाली, असं ते मैदान अभिमानाने सांगतं. इतका इतिहास असूनही जुने खेळाडू पाइन लेक्सची आठवण कशासाठी काढत? थंडीत खेळ ऐन मध्यावर आला की तिथे शिंपल्यांचं गरमागरम दाट सूप पेल्यात भरून हातावर ठेवत, त्यासाठी. कोणता होल कसा वळतो हे विसरलेली माणसं सूप कुठे मिळायचं ते बिनचूक सांगत. माझ्या प्रतिपादनाला यापरता साक्षीदार नको. फक्त हा साक्षीदार शाकाहारी नाही, एवढं आपल्याकडच्या काही पाहुण्यांना आधी सांगायला हवं.

आता घरचा धागा. मर्टल बीचची हजारो एकर जमीन ज्या कंपनीकडे होती तिचे एक भागीदार सिमियन चॅपिन नावाचे धनिक. त्यांची मुलगी एलिझाबेथ पॅटरसन ही मेहेरबाबांची शिष्या, आणि मेहेरबाबांचं ठाणं म्हणजे नगरपासून हाकेच्या अंतरावरचं अरणगाव. तिथे पहिल्या महायुद्धातली एक ओसाड लष्करी छावणी पडून होती, १९२३ मध्ये त्यांनी तिथे मुक्काम टाकला आणि तिचं मेहेराबाद झालं. एलिझाबेथबाईंनी वडिलांकडून मिळालेल्या जमिनीपैकी सुमारे पाचशे एकर मेहेरबाबांच्या केंद्रासाठी राखली. १९५२ मध्ये बाबा तिथे गेले, नंतर १९५६ आणि १९५८ मध्येही. पाचशे एकर, समुद्राला लागून, मर्टल बीचमध्ये! एका मैदानाला दीडशे एकर धरले तर तीन मैदानं सहज बसली असती आणि वर क्लबहाउसपुरती जागा उरली असती. तिथे झाडं ठेवली, तळी ठेवली, लाकडी खोल्या बांधल्या आणि पाहुण्यांना राहायला बोलावलं. गोल्फच्या राजधानीत गोल्फ नसलेली मोठी जागा कोणती, तर नगरकरांच्या सोयऱ्यांची. आणि वाहतूक दोन्ही बाजूंनी आहे. तिकडचे लोक दर वर्षी ती सगळी मैदानं मागे टाकून, दोन विमानं आणि एक टॅक्सी बदलून, अरणगावला येतात. तिथे ना हिरवळ ना सूप. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग मेहेराबादला चिरत जातो, वर बाभळी-कडुनिंबाचा उघडा माळ, आणि ३१ जानेवारीला अमरतिथीची, म्हणजे मेहेरबाबांच्या पुण्यतिथीची, गर्दी. तरी ते पुन्हा येतात.

इथे आक्षेप उघड आहे. ही माणसं श्रद्धेने येतात, पाहुणचारासाठी नव्हे. मेहेरबाबांच्या समाधीच्या दर्शनाला सहल म्हणणं बरं नव्हे. आक्षेप रास्त आहे आणि निम्मा मी मान्यच करतो. पण श्रद्धेचं काम माणसाला तिकीट काढून देण्यापुरतं असतं. पोचल्यावर त्याला अंघोळीला गरम पाणी देण्याचं काम दुसऱ्याच कोणाचं असतं. त्या दुसऱ्याचा उल्लेख या लोकांच्या आठवणींत फार वेळा येतो. १९५४ च्या सप्टेंबरात, म्हणजे ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’चा पहिला अंक निघून महिना झाला नव्हता तेव्हा, काही पाश्चात्त्य पुरुषांना मेहेरबाबांनी तीन आठवडे मेहेराबादला पाहुणे म्हणून बोलावलं होतं. त्यांना नगरच्या वाडिया पार्कवरचं दर्शन दाखवलं, साकोरीला नेलं. त्या तीन आठवड्यांवर पुस्तक निघालं आणि ते तीन आठवडे अद्भुत होते असं त्याच्या नावातच म्हटलं आहे. आता यजमानाचा विचार करा. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत मौन पाळलं. आधी मुळाक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून ते बोलत. १९५४ मध्ये तीही सोडली आणि खुणांवर भागवू लागले. जो यजमान ‘घ्या ना अजून’ एवढंही तोंडाने म्हणत नाही, त्याच्या पाहुणचाराची आठवण माणसं पन्नास वर्षं सांगतात. खेळाचं त्यांना वावडं होतं असं मात्र नाही. क्रिकेट, गोट्या, विटीदांडू हे सगळं ते शिष्यांबरोबर खेळत. खेळ हवाच, पण तो पाहुण्याला आपलंसं करण्यापुरता, असा हा हिशोब दिसतो आणि तो मला बिनतोड वाटतो.

नगरच्या पाहुणचाराचा इतिहास सगळा ऐच्छिकच होता असा दावा मी करणार नाही. १९०१-०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदी इथे आणून ठेवले होते, पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक. त्यांना सुट्टीवर पाठवलेलं नव्हतं. १९४२ च्या ऑगस्टात भुईकोट किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी उतरली, आणि सरकारी पाहुणचार हा शब्दप्रयोग त्याआधीच मराठीत रुळलेला होता. तरी पुरावा म्हणून पाहा. जगात एखाद्याला अडीच वर्षांवर डांबून ठेवल्यावर तो काय लिहील? नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं आणि खडकाळ अंगणात वाफे खणून फुलं लावली. मौलाना आझाद पहाटे उठून स्वतःच्या हाताने चिनी चहा करीत आणि त्या चहावर आणि खोलीत घुसणाऱ्या चिमण्यांवर त्यांनी जी पत्रं लिहिली, ती वाचून तुरुंगात जावंसं वाटावं. (याच गावच्या छावणीत १९१८ मध्ये स्पाइक मिलिगन जन्मला, पुढे इंग्लंडला हसवणारा. नगरच्या हवेत काहीतरी आहे. पाण्यात म्हणवत नाही, कारण पाणी नाही.)

आता मूळ मुद्द्यावर. नगरचा गोल्फ म्हणजे हुरडा. हसू नका, एकेक कलम तपासून पाहू. पौष-माघात, रब्बीची ज्वारी दाण्यात येते आणि दाणा अजून दुधाळ असतो तेव्हा, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड या पट्ट्यात शहरातली कुटुंबं गाड्या भरून रानात येतात. गोल्फलाही माणसं गाड्या भरूनच येतात. उघड्यावर, मऊ उन्हात, चपला-बुटांना माती लावून हिंडायचं, तिथेही तेच. जमिनीत खड्डा असतो. त्यांचे अठरा, आपला एक, पण आपल्या खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव असतो आणि त्याला आगटी म्हणतात. त्यांच्या खड्ड्यात चेंडू गेला की संपलं; आपल्या खड्ड्यात कणीस गेलं की सुरुवात होते. राखेतून काढलेलं वाफाळतं कणीस दोन्ही तळव्यांत धरून चोळायचं, दाणे सुटले की फुंकर मारून तूस उडवायचं, आणि हिरवे, लुसलुशीत, किंचित धुरकट दाणे तोंडात. ज्वारी गूळभेंडी असेल तर बरोबरच्या गुळाचीही गरज नाही. शेंगदाण्याची चटणी, तिळाची, कारळ्याची, लसणाची, शेव, घट्ट दही. तोंडाला कोरड पडू नये म्हणून ताक. मग कोणीतरी ऊस मोडून आणतं, पोरं बोरीखाली पसार होतात. हे सगळं जेवणाआधीचं. ‘पोट भरलं’ असं पाहुण्याने म्हणताच यजमान समाधानाने मान हलवतो आणि सांगतो, ‘मग आता जेवायला बसू.’ जेवणात बाजरीची भाकरी, ठेचा आणि शिपी आमटी. घामाने डोकं भिजेल अशी.

गोल्फवाले म्हणतील, हे खाणं झालं, खेळ कुठे आहे? आमच्याकडे कौशल्य लागतं. हुरडा चोळायला लागत नाही असं ज्याला वाटतं त्याने कधी गरम कणीस हातात धरलेलं नाही. मुरलेला माणूस तीन-चार रगड्यांत कणीस रिकामं करतो आणि दाणा फुटत नाही. शहरातून आलेले जावईबापू पहिल्याच रगड्याला हात झटकून कणीस मातीत टाकतात. म्हणजे फटका चुकला. आता गोल्फमध्ये अशा कच्च्या खेळाडूसाठी हँडिकॅप आहे. दुबळ्याला काही फटके माफ करायचे, म्हणजे तो बलवानाबरोबर मानाने खेळू शकतो. त्या खेळातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे आणि ती खेळाची नाहीच, यजमानपणाची आहे. आपल्याकडे पोरांच्या खेळात तिला कच्चा लिंबू म्हणतात आणि त्यासाठी आकडेमोड लागत नाही. हुरड्यावर तर पाहुणा जन्मतःच कच्चा लिंबू. त्याचे हात पोळले की शेजारची काकू न बोलता स्वतःच्या तळव्यातले सोललेले दाणे त्याच्या पानावर टाकते. त्याचा पराभव कुठे नोंदला जात नाही. गोल्फमध्ये गुणपत्रिका भरून सही करून द्यावी लागते. यातलं माणुसकीला धरून कोणतं, ते वाचकाने ठरवावं.

यानंतरचा आक्षेप पैशाचा, आणि तो दोन्हीकडून येतो. एक बाजू म्हणते, परदेशातलं हसू बिलात धरलेलं असतं, त्याला कसला पाहुणचार म्हणता? दुसरी म्हणते, आता हुरडाही माणशी दराने मिळतो, नगर-पुणे रस्त्यावर फलक लागतात, झोके, बैलगाडी, फोटोसाठी फेटा. मग तुमच्यात आणि मर्टल बीचमध्ये फरक काय? फरक फारसा नाही आणि तो असावा असा माझा आग्रहही नाही. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण केलं ते शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत म्हणूनच, आणि ज्याची ज्वारी बाजारात मातीमोल जाते त्याने तीच आगटीत घालून बरा भाव मिळवला तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. प्रश्न पैसे घेतले की नाही हा नसून पैसे घेऊन झाल्यावर काय झालं हा आहे. आजोबांचा चष्मा परत आणून देणाऱ्याने भाडं कालच घेतलेलं होतं. पाइन लेक्सवाल्यांनी खेळाचे पैसे घेतले होते, सूप नसतं दिलं तरी कोणी दावा लावला नसता. हुरड्याचा दर चुकता करून पाहुणे गाडीत बसतात तेव्हा काचेतून एक पिशवी आत येते. त्यात कांदे असतात, बोरं असतात, पावशेर हुरडा असतो. हा वानवळा. तो दरपत्रकात नसतो, आणि ‘याचे किती?’ असं विचारणाऱ्याकडे यजमान ज्या नजरेने पाहतो ती नजर कोणत्याही पंचतारांकित प्रशिक्षणात शिकवता येत नाही.

मग निमित्त तरी कशाला हवं, सरळ जेवायला जावं की, असं कोणी म्हणेल. पण असं सरळ जाता येत नाही, यातच सगळी मेख आहे. निव्वळ खाण्यासाठी कोणाच्या दारात उभं राहायला माणसाला लाज वाटते आणि निव्वळ खाऊ घालण्यासाठी बोलावणाऱ्याचा संशय येतो. निवडणूक जवळ असेल तर फारच. म्हणून जत्रा लागते, हुरडा लागतो, गोल्फ लागतो. आमच्याकडे गोदावरीतल्या सराला बेटाचा सप्ताह दीडशेहून अधिक वर्षं गावोगाव फिरतो आहे. निमित्त हरिनामाचं आणि ते खरंच आहे. पण ज्या गावाला तो मिळतो ते गाव पहिली बैठक घेतं ती आमटीच्या कढयांची. पंचक्रोशीतल्या घराघरांत भाकरी थापल्या जातात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून मांडवात येतात, आणि लाखांनी आलेली माणसं जमिनीवर पंगत धरतात. इतक्या लोकांना गोल्फ शिकवायचं म्हटलं असतं तर नुसत्या चेंडूंनी जायकवाडी भरलं असतं.

आग्रहाचा आक्षेप मात्र मी पूर्ण परतवू शकत नाही. परदेशातला यजमान एकदा विचारतो, ‘नको’ म्हटलं की ऐकतो. नगरचा यजमान ‘नको’ हे उत्तर धरतच नाही. तो त्याला चर्चेची सुरुवात समजतो. मधुमेही पाहुण्याला गुळाचा खडा देताना ‘हा सेंद्रिय आहे’ असं सांगितलं जातं. याचं समर्थन करवत नाही. एवढंच म्हणता येईल की ज्या पूर्वभागात वर्षाकाठी जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे ताटात काही उरणं ही गोष्ट पिढ्यांनी फार कमी वेळा पाहिली. उरतंय असं दिसलं की त्या माणसांचा हात आपोआप वाढायला जातो. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाल्लेल्या हाताला ‘बास’ कळायला थोडा वेळ लागणारच.

राहता राहिला शेवटचा प्रश्न: मग नगरला खराखुरा गोल्फ का आणू नये? आमटी आहे, यजमान आहे, मैदान तेवढं नाही. या सूचनेपासून जिल्ह्याने सावध राहावं. गोल्फच्या गवताला कोरड्या मुलखात दिवसाला काही लाख लिटर पाणी लागतं. ज्या हिवरे बाजारने दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून ऊस आणि केळी यांना गावबंदी केली, तिथल्या ग्रामसभेपुढे बर्म्युडा गवताचा ठराव मांडायला कोण उभा राहतो ते मला बघायचं आहे. उसाला पाणी चालतं मग गवताला का नाही, असं उत्तरेकडचे बागाईतदार विचारतील. पण उसाची निदान साखर होते, प्रवरानगरला १९५० पासून होते आहे. इंग्रजांनी यावर तोडगा काढला होता. कोरड्या छावण्यांत हिरवळ परवडेना तेव्हा वाळूत तेल मिसळून तपकिरी चौथरे केले आणि त्यावर ते खेळले. हिरवळीविना गोल्फ म्हणजे नगरच्या उन्हाळ्यातलं कोणतंही माळरान, आणि ते आहेच. शिवाय शेजारच्या नाशकाचा दाखला डोळ्यांसमोर आहे. तिथे खरोखर गोल्फ होता, वेस्टर्न इंडियाच्या स्पर्धा होत. आज त्या गोल्फ क्लब मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, त्यावर रणजीचे क्रिकेट सामने होतात, पहाटे निम्मं नाशिक चालायला येतं आणि चालून झालं की मिसळ खायला जातं. गोल्फ गेला, मिसळ राहिली.

समजा, एवढं सांगूनही जामखेडच्या एखाद्या उत्साही शेतकऱ्याने हुरड्याच्या रानाशेजारी दोन होल खणलेच. चेंडू पहिल्याच फटक्याला ज्वारीत जाणार, कारण डोक्यापेक्षा उंच ज्वारी चहूबाजूंनी असणार. २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. त्याआधी पाच मिळत. त्या तीन मिनिटांत वस्तीवरची सगळी माणसं शोधायला उतरतील, म्हातारी काठीने धाटं बाजूला करील, कुत्रं भलतंच काहीतरी घेऊन येईल. तिसरं मिनिट संपत आलं की घरधनी बांधावरून हाक मारील: ‘पाव्हणं, ऱ्हाऊ द्या आता. काढणीला घावंल. कणसं निघाल्यात, हात धुवा.’